हुकुमाच्या पटाची हकीकत

श्री. ज्याने सृष्टीस आरंभ दिला आणि शेवटही नेमिला, त्यास नमन करोन लिहिले ऐसे जे. शके १९४५, शोभकृत् नाम संवत्सर, वैशाख मास. कोण्या एका राज्यी राणीसाहेब राज्य करीत होत्या. तेथील रिवाज ऐसा की, सरकारांनी निम्मे बोलावे आणि उरलेले दरबाराने ओळखावे. भुवई चढली की पंखा हलावा, खाकरले की विडा यावा. यास हुशारी म्हणत, आणि ज्यास ओळखता न आले तो गुन्हेगार. या रिवाजात सोनजी नामे तळ्याचा दारवान सापडला. हुकूम गेला, "तळ्याचे दार उघडा, शेतांस पाणी द्या." त्याने उघडिले. लावण्याचा हुकूम आलाच नाही. मागील दारवानाने एकदा आपल्या अकलेने दार लाविले, तेवढ्यावरोन त्याची चाकरी गेली होती, म्हणोन सोनजी हुकुमाची वाट पाहत राहिला आणि खालच्या गावची उभी पिके बुडाली. दिवाणजी बोलिले, "मूर्खाने सरकारांचे मन ओळखिले नाही." आणि सोनजी बंदीखानी पडिला. घरी लेक म्हाळसा, वय नऊ, बापाच्या वाटेकडे डोळे लावोन राहिली. मोठे कठीण जाहले.

त्याच सुमारास राज्यात संगणक नामे यंत्र आले. त्यास भुवई कळेना, खाकरणे कळेना. मग तिमाजीपंत पंतोजी यांणी विचार केला की, ऐशा यंत्रास हुकूम कैसा द्यावा हे पोरांस खेळातोन शिकवावे. आणि शाळेच्या चौकातील फरशीवर चौकटींचा पट रंगविला, मध्यघरी नारळ ठेविला आणि हुकुमाच्या लाकडी पाट्या केल्या. एकाने पाट्या मांडाव्या, दुसऱ्याने प्यादे होवोन त्याबरहुकूम चालावे आणि नारळ गाठावा. नेम एकच, प्याद्याने आपली अक्कल चालवू नये. चुकले तर प्याद्यास बोल न लाविता पाट्या तपासाव्या. पोरे आनंदे खेळो लागली, आणि म्हाळसेसारखे प्यादे दुसरे नव्हते.

दिवाणजींस हे रुचले नाही. "पोरे इशारा विसरतील, दरबार कैसा चालेल?" ऐसे कान भरोन सरकारांस शाळेत आणिले, आणि पट पुसोन टाकावा ऐसे मनी धरिले. सरकारांनी कौतुके स्वहस्ते पाट्या मांडिल्या: 'पुढे चाल', 'कड आली की उजवीकडे वळ', 'फिरोन तेच कर'. म्हाळसा कोपऱ्यातोन निघाली, कडेकडेने चालिली, वळली, आणि फेरा पुरा होताच दुसरा धरिला. नारळ मध्ये, पोर कडेने. ऊन चढले, फरशी तापली, पाय पोळले, तरी पोर थांबेना. दरबार घामाघूम जाहला. दिवाणजी ओरडिले, "अगे पोरी, सरकारांच्या मनात नारळ आहे, कळत नाही?"

म्हाळसा चालता चालताच बोलिली, "मनातलं पाटीवर न्हाई, दिवाणजी."

दिवाणजी तिजला धरावयास धावले, तो तिमाजीपंत आडवे जाहले आणि हात जोडोन म्हणाले, "सरकार, पोर चुकली नाही. हुकूम चुकला."

ऐसे शब्द त्या राज्यात कोणी उच्चारिले नव्हते. सरकारांनी पाट्यांकडे पाहिले, पोरीच्या पायांकडे पाहिले आणि उठोन आपल्या हाते 'थांब' ही पाटी ठेविली. म्हाळसा थांबली. सरकारांनी तिजला सावलीत घेतले, पायांवर पाणी घातले आणि पुसिले, "पोरी, तू कोणाची?"

"सोनजी दारवानाची. त्येंच्या हुकमात बी दार लावायचं न्हवतं, सरकार."

सरकारांचे डोळे भरोन आले. दिवाणजींस म्हणाल्या, "इतकी वर्षे तुम्ही आम्हांस सांभाळोन घेतले, म्हणोन आमची एकही चूक आम्हांस दिसली नाही." आणि पालखी न मागविता, म्हाळसेचा हात धरोन पायी बंदीखान्याकडे निघाल्या. दार उघडविले आणि सर्वांदेखत बोलिल्या, "सोनजी, चूक आमची होती. घरी जा."

सोनजी जागचा हालेना. सरकारांच्या भुवईकडे पाहो लागला, मग हातांकडे, आणि म्हणाला, "सरकार, ह्येचा अर्थ काय धरू?"

सरकार बोलिल्या, "जे बोललो, तेच."

तेव्हा तो लेकीच्या गळा पडोन लेकरासारखा रडिला.

तात्पर्य, ज्याचा हुकूम कोणी चुकीचा म्हणत नाही, त्याच्या राज्यात पिके बुडतात आणि दारवान बंदीत जातो. घडले तैसे लिहिले, पदरचे घातले नाही. लेखनसीमा.