साळूबाईचं बिनफुलांचं शेत

एका जंगलात दरबाराचं परिपत्रक निघाल्याशिवाय वसंत ऋतू सुरू होत नसे. त्या जंगलातली ही गोष्ट. बाळांनो, नीट मांडी घालून बसा आणि मध्येच ‘मग काय झालं’ म्हणून विचारू नका. जे झालं ते सांगताना मलाच त्रास होतो.

तिथे ओढ्याकाठी साळूबाई नावाची साळिंदरीण राहायची. साळिंदरं कंद दिसला की खातात. साळूबाईने ते न खाता जमिनीत लावले आणि ग्लॅडिओलसची छोटीशी फुलशेती सुरू केली. भावकीने तिला वेड्यात काढलं.

पण बाई कामाला चोख. एका दांड्यावर कळ्यांची रांग असते; त्यातल्या सगळ्यात खालच्या कळीने जरासा रंग दाखवला, की पहाटेच ती दातांनी दांडा कापायची. फूल उमलायचं ते गिऱ्हाइकाच्या घरी, रोज थोडं थोडं, आठवडाभर. त्यामुळे ऐन वसंतात तिच्या वाफ्यांत एकही उमललेलं फूल नसे. या धंद्यात हेच हुशारीचं लक्षण आहे.

शेजारी अस्वलरावांचं शेत. अस्वलराव दुपारी उठत. तोवर कळ्या उमलून जात आणि हात लावला की पाकळ्या गळत. कोणी विकत घेत नसे. शेत मात्र लालपिवळं दिसे.

त्या वर्षी परिपत्रक आलं : ‘ओढ्याकाठच्या फुलशेतीची पाहणी होईल. ज्याच्या शेतात फुलं दिसणार नाहीत, त्याची जमीन काढून घेऊन त्याला खडकाळ टेकडीवर पाठवण्यात येईल.’

अस्वलराव मनाने वाईट नव्हते. ते साळूबाईला म्हणाले, “साळू, चार दिवस कापू नकोस. उमलू दे. जमीन वाचेल.”

“टिटवीबाईंच्या नातीचं लग्न आहे, भाऊजी. शब्द दिलाय मी. उमललेली फुलं वाटेतच माना टाकतील.”

“अगं, लग्न काय, होतंच!”

साळूबाई रात्रभर तळमळली. पहाटे उठली आणि सगळे दांडे कापले. लग्नाचे दांडे पोचवून आली, तेव्हा टोपलीत दहाबारा उरले होते.

दुपारी पाहणी समिती आली. अध्यक्ष गवासाहेब. सोबत माकड कारकून.

“फुलं कुठायत?” गवासाहेबांनी विचारलं.

“गिऱ्हाइकांकडे, साहेब.”

“म्हणजे शेतात नाहीत. लिही रे, फुलं शून्य. शिवाय बाई साळिंदर आहे. कंद स्वतःच खाल्ले असण्याची शक्यता नाकारता येत नाही.”

एवढ्यात टिटवीबाई धावत आल्या. “साहेब, माझ्या मांडवात चला! हिची फुलं बघा तरी!”

“समितीचे अधिकार बांधापर्यंत आहेत, बाई. मांडवात जाता येत नाही.”

मग समिती शेजारी गेली. गवासाहेब थक्क झाले. अस्वलराव नुकतेच उठून जांभई देत होते. माकडाने लिहिलं, ‘शेतकरी दिवसभराच्या श्रमाने थकलेला आढळला.’ साळूबाईची जमीनही अस्वलरावांच्या नावावर झाली.

निकाल झाला की साहेबांना गुच्छ द्यायची पद्धत होती. माकड अस्वलरावांची फुलं तोडायला गेलं, तर हातात नुसते दांडे आले. त्याने मुकाट्याने साळूबाईची टोपली उचलली आणि तिच्या कळ्यांचा गुच्छ बांधला. तोच अस्वलरावांच्या हातून गवासाहेबांना देण्यात आला.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त राग इथे येतो. साळूबाई समोरच उभी होती. ती कंदांची पिशवी उचलून टेकडीकडे चालू लागली. टेकडीवर पाणी नव्हतं.

चार दिवसांत अस्वलरावांच्या शेताच्या वाळून काटक्या झाल्या. गवासाहेबांच्या कचेरीत मात्र त्या गुच्छातली रोज एकेक कळी उमलत राहिली. सातव्या दिवशीही गुच्छ टवटवीत. साहेबांनी कौतुकाने वास घेतला. वास नव्हता, तरी घेतला.

“बघितलंस?” ते माकडाला म्हणाले. “याला म्हणतात अस्वलरावांची फुलं! त्या साळूला वेळीच हलवलं, हे बरं केलं.”

आणि त्यांनी अस्वलरावांना टेकडीचीही जमीन देऊन टाकली.

तात्पर्य : मुलांनो, पहाटे उठू नये. उठलातच, तर पाहणी कधी आहे ते आधी विचारावं, आणि परत झोपावं.