तीस अंशांचा पाहुणचार

मुलीसाठी मागणी घेऊन सलोमतखाला तासाभरात येणार होत्या आणि एर्गाशअकांच्या बैठकीतला एसी मुकाच होता. जुना रिमोट शोरव्याच्या पातेल्यात पडून शिजला होता. मर्गिलानच्या बाजारातून आणलेल्या नव्या रिमोटला, तो सगळ्याच यंत्रांना चालत असल्यामुळे, सोबतच्या यादीतून या एसीचा आकडा शोधून सांगावा लागत होता.

"मुंगीएवढी अक्षरं, अन् आकडे हजार!" एर्गाशअका घाम पुसत म्हणाले.

"बाबा, प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. टीव्हीचा रिमोट एकेक शब्द बोलतो. एसीचा एका दमात सगळं सांगतो. थंड की गरम, किती अंश, वारा किती. भाषा चुकली की यंत्र भलतंच ऐकतं. द्या इकडे," त्यांची मुलगी झुल्हुमोर म्हणाली.

तिचे ताश्कंदमधल्या शिक्षणाचे शेवटचे वर्ष उरले होते आणि तिला ते नवऱ्याशिवाय पुरे करायचे होते. खरा आकडा तिला लगेच सापडला. तो सोडून तिने अर्धवट जुळणारा ठेवला. त्यावर एसीला 'गरम, तीस अंश' एवढेच समजे; बंद होणे समजतच नसे.

सलोमतखाला बसल्या आणि वारा सुटला. भट्टीचा.

"जूनमध्ये शेकोटी? प्लग काढा की!"

"रुखवताच्या गाद्यांमागे आहे हो," एर्गाशअका पुटपुटले. ती छतापर्यंतची चळत पाहुणीसमोर उपसणे अशक्यच होते.

तेवढ्यात झुल्हुमोरने चहा आणला. पियाला काठोकाठ भरलेला.

एर्गाशअका पांढरे पडले. मानाच्या पाहुण्याला पियाला अर्धाच द्यायचा. काठोकाठ म्हणजे प्या आणि चालू लागा!

सलोमतखालांनी तो एका दमात संपवला, पुढे केला. "भर. असाच."

पाच पियाले झाले.

"सकाळपासून चार घरं फिरले. सगळीकडे अर्धा अर्धा! मान घेता घेता घसा वाळला माझा." मग त्यांनी रिमोट उचलला, चार बटणे दाबली. गार झुळूक आली. "माझा भाचा हीच यंत्रं दुरुस्त करतो. या एसीचा आकडा यादीत पहिलाच असतो, पोरी. तो चुकवायला मेहनत लागते."

झुल्हुमोरची मान खाली गेली.

"शिक्षण पुरं कर. थांबेल माझा भाचा. न ऐकणाऱ्या यंत्रांपुढे तासन्‌तास बसायची सवय आहे त्याला."

झुल्हुमोरने सहावा पियाला भरला. अर्धाच.

"खाला," ती हळूच म्हणाली, "नाव काय म्हणालात त्यांचं?"