ताटलीच्या तळाशी

दंतवैद्य संग्रहालयातल्या तज्ज्ञबाईंना घेऊन घरात शिरले आणि दारातच थिजले. काचेच्या कपाटातल्या पाचही ताटल्या जेवणाच्या टेबलावर होत्या. दोनशे वर्षांपूर्वीच्या, जपानी, पांढऱ्यावर निळी नक्षी असलेल्या. दर रविवारी ते त्या मऊ टूथब्रशनं पुसत. आज त्यांत बटाट्याचा रस्सा होता, आणि सासूबाई आपल्या चार बहिणींसह जेवत होत्या.

"आई, ह्या ताटल्या..."

"केवढी धूळ होती हो जावईबापू! काथ्यानं घासल्या, तेव्हा कुठं लख्ख झाल्या."

दंतवैद्यांनी घाईनं तज्ज्ञबाईंकडे पाहिलं. या बाईंनी यावं म्हणून त्यांनी दोन वर्षं पत्रं लिहिली होती.

"तळाचा शिक्का बघावा लागेल," तज्ज्ञबाई म्हणाल्या. "खरंखोटं तिथंच कळतं."

"मावश्यांनो, जरा पटापट आटपा बघू!"

"पटापट?" थोरल्या मावशी घास चावत म्हणाल्या. "कवळी बसवताना तुम्हीच म्हणालात ना, एकेक घास बत्तीस वेळा चावा? माझं आत्ताशी अकरा वेळाच चावून झालंय."

दिवसभर हाच उपदेश करणारे दंतवैद्य घास मोजत उभे राहिले. शेवटी धाकट्या मावशींना दया आली. त्यांनी भरली ताटली दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. तज्ज्ञबाई भिंग घेऊन खाली वाकल्या.

"थोडी डावीकडे कलवा... अजून थोडी..."

टप्पकन रस्सा त्यांच्या चष्म्यावर पडला. दंतवैद्यांनी डोळेच मिटले. बाईंनी शांतपणे काच बोटानं पुसली आणि बोट चाखलं.

"अस्सल," त्या म्हणाल्या.

"रस्सा?" सासूबाईंनी आशेनं विचारलं.

"ताटली हो! आणि रस्साही."

दंतवैद्यांनी आनंदानं टाळीच वाजवली. तज्ज्ञबाई मात्र टेबलाकडे बघतच राहिल्या. "तीस वर्षं मी अशा ताटल्या काचेआडून बघतेय," त्या हळूच म्हणाल्या. "कुणी त्यांत जेवताना आज पहिल्यांदाच पाहिलं. मलाही वाढाल का थोडं?"

"अगबाई, विचारता काय!" सासूबाईंनी लगबगीनं खुर्ची ओढली आणि चकचकीत नवं स्टीलचं ताट त्यांच्यासमोर ठेवलं.

बाईंचा चेहरा पडला. "त्या निळ्या ताटलीत नाही का चालणार?"

"छे छे! ती जुनीपानी भांडी घरच्यांना. पाहुण्यांना कुणी त्यात वाढतं का?"

तज्ज्ञबाईंनी स्टीलचं ताट अलगद बाजूला सारलं.

"मग मला घरचीच समजा ना!"