म्हादूमिस्त्रीचा गाडा

म्हादूमिस्त्रीने एकदा रचलेल्या सरणातून ओंडका ओढून काढला होता. गल्लीतला म्हातारा वारलेला, घरचे रडताहेत, आणि हा गृहस्थ वाकून बाभळीचं लाकूड निरखतोय. "लई सरळ हाय. ह्ये जाळायचं न्हाय," म्हणाला आणि ओंडका काखेत मारून निघाला. बदली म्हणून घरची वाकडीतिकडी लाकडं त्याने आधीच सरणाशी आणून टाकली होती. एवढी सभ्यता त्याच्यात होती!

सोलापूरच्या स्टेशनाजवळ एका लाकडाच्या वखारीत आम्ही दोघं कामाला. जाड ओंडके मोठ्या करवतीवर चढत. बारके पात्याखाली गरगर फिरत, म्हणून ते जळणात जात. मिस्त्रीला हे बघवेना. भंगार जमवून त्याने स्वतःचं यंत्र उभं केलं. एका दांड्यावर दोन गोल पाती, समोर रुळांवर छोटा गाडा. ओंडका गाड्याच्या चिमट्यात आवळायचा, गाडा मागून लांब दांड्याने ढकलायचा, की दोन्ही बाजू एकदमच तासून निघत. जळणाच्या लाकडातून खाटेच्या चौकटीच्या पट्ट्या आणि कुदळीचे दांडे निघू लागले. कुणी कौतुक केलं तर हा खेकसायचा, "बगत काय बसलाय? वंडकं आना की!"

यंत्राजवळ कुणाचा हात गेलेला मात्र त्याला खपत नसे. एकदा खुद्द शेठ बोट दाखवून काही विचारायला गेले, तर याने पाती फिरवणाऱ्या इंजिनाचा पट्टाच उतरवला. "बोट खिशात घाला, मग इचारा."

पुढे मागणी वाढली. आवळण्या-सोडण्यात वेळ जातो, गाडा काढा आणि ओंडके हाताने ढकला, असं शेठनी फर्मावलं. मिस्त्री म्हणाला, मला काढा, गाडा निघणार नाही. आणि चक्क घरी गेला. सकाळी शेठनी मला त्याच्या घरी पिटाळलं. गाडा काढत असशील तर ये, नाहीतर वखारीची पायरी चढू नकोस, असा निरोप. माझंही डोकं फिरलं होतं. असल्या दिवसांत हातचं काम कोण लाथाडतो?

दारातून बघतो तर मिस्त्री धाकट्या भावाला, नामाला, पटका बांधून देत होता. नामाचा उजवा हात मनगटापाशीच संपलेला. मिस्त्री दोन वेढे घाली, मनासारखे बसले नाहीत की सगळे सोडी. "मान वर कर, राजा," म्हणत होता. हा आवाज मी वखारीत कधी ऐकला नव्हता.

मी निरोप सांगितला. त्याचे हात थांबले नाहीत.

"मोठ्या करवतीवर असलाच बारका वंडका हुता," तो म्हणाला. "हातानं ढकल, लवकर हुतंय, असं मीच म्हनलो हुतो ह्याला."

"जाऊ दे की, दादा," नामा पुटपुटला.

मिस्त्रीने पटक्याचं टोक नीट खोचलं. "शेटला सांग, गाडा निघनार न्हाय. दुसऱ्या कुनी काढला, तर करवतीम्होरं मी उबा हाय."

मी निरोप जसाच्या तसा पोचवला. वर माझाही सांगितला, की हाताने ढकलायला मीसुद्धा उभा राहणार नाही. शेठनी आम्हा दोघांचाही यथेच्छ उद्धार केला. पण गाड्याला हात लावायची त्यांची छाती झाली नाही.