पाटी

साहेब, गुन्हा तुमचा आहे. तुम्ही नगरपालिकेतल्या कुठल्या खुर्चीत बसता ते मला माहीत नाही, आणि नाव माहीत असतं तर तेही इथे छापलं असतं. तपासणीत पहिल्या येणाऱ्या घराच्या दारावर लावायची ‘आदर्श स्वच्छ घर’ अशी पत्र्याची पाटी तुम्ही सुरू केलीत, आणि राऊ गावातल्या आमच्या कॉलनीतला विजय टोकेकर नावाचा एक बरा माणूस कामातून घालवलात.

विजयराव कॉलेजच्या ऑफिसात मोठे बाबू. घरात सहा रंगांचे सहा डबे. ओला कचरा, सुका कचरा, प्लास्टिक आणि पुढची सगळी मंडळी मुंजीच्या पंगतीसारखी ओळीत बसलेली. केळ्याचं साल टाकण्याआधी हा माणूस त्यावरचं स्टिकर सोलून काढायचा. ‘या वर्षी पाटी माझ्याच दारावर,’ असं तो पोहेवाल्यापासून प्रिन्सिपलपर्यंत सगळ्यांना सांगून मोकळा झाला होता.

त्यात शेजारच्या संजीव भियाने (भिया म्हणजे आमच्याकडचा भाऊ) काडी टाकली. “भिया, तपासनेवाले साध्या कपड्यांत येतात. एक बाई, एक माणूस. बिलकुल पाहुण्यांसारखे. आपण कोण ते सांगतच नाहीत. रविवारी पक्के आ रिये हैं.”

नेमका त्याच रविवारी उर्वीला बघायला नीरजचे आईवडील देवासहून यायचे होते. उर्वी विजयरावांची एकुलती एक लेक. पोरांनी एकमेकांना पसंत करून वर्ष झालं होतं. फक्त मोठ्यांची भेट राहिली होती. नीरजची आई, सरोजिनीबाई, शिस्तीची म्हणून उर्वी आठवडाभर धास्तावलेली.

“पाहुणे बाराला येतील,” विजयरावांच्या पत्नी मनोरमाबाई कचोरी आणायला निघताना म्हणाल्या. “तुम्ही फक्त दार उघडायचं आणि गोड बोलायचं. डब्यांचा विषय काढायचा नाही.”

“मला काय कळत नाही का?” विजयराव म्हणाले.

दहालाच बेल वाजली. दारात एक बाई, एक माणूस. साधे कपडे.

“नमस्कार. आम्ही जरा लवकरच आलो,” बाई म्हणाल्या.

“तुम्ही कधीही येणार, तोच तर नियम आहे,” विजयराव डोळा बारीक करून म्हणाले. “नाव सांगू नका. मी ओळखलंय. या, आधी मागे चला.”

“मागे?”

“खरं घर मागेच कळतं, मॅडम.”

ते दोघं म्हणजे शामराव आणि सरोजिनीबाई, नीरजचे आईवडील. नीरज गल्लीच्या तोंडाशी गाडी लावायला जागा शोधत होता. पाणी नाही, ‘बसा’ नाही, थेट मागच्या अंगणात. शामराव बायकोच्या कानाशी म्हणाले, “यांच्याकडे अशी पद्धत असेल.”

“वास घ्या,” विजयरावांनी ओल्या कचऱ्याचं झाकण उचललं.

“कशाचा?”

“डब्याचा. लाजू नका, डोकं आत घाला.”

शामराव स्वभावाने गरीब. सोयरीक मोडायला नको म्हणून त्यांनी डोकं आत घातलं, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, “छान आहे.”

सरोजिनीबाई मात्र शिक्षिका होत्या. दुसऱ्याच्या कामातली चूक दिसली नाही तर त्यांना जेवण जात नसे. दोडक्याच्या सालांखाली त्यांना काहीतरी चकाकताना दिसलं. “ही दुधाची थैली ओल्यात चालते का हो?”

शामरावांनी थैली दोन बोटांनी उचलून धरली.  सकाळी दूध विजयरावांनीच तापवलं होतं. डोळ्यांसमोरून पाटी उडत उडत संजीव भियाच्या दारावर जाऊन बसली.

“मुलगी,” ते म्हणाले. “आमची उर्वी. तिचीच कामं ही.”

“उर्वी?” सरोजिनीबाईंचा आवाज बदलला.

“काय सांगू मॅडम, घरात सगळ्यांत गबाळी तीच. चहाचा चोथा बेसिनमध्ये टाकते. केसांचे गुंते खिडकीतून सोडते. एकदा तर मोबाईलची बॅटरी पोह्यांच्या डब्यात सापडली.” यातलं एक अक्षर खरं नव्हतं, पण माणूस एकदा घसरायला लागला की उतार लांबच लांब दिसतो. “तिचे मार्क माझ्यातून कापू नका. ती थोड्याच दिवसांची आहे. लग्न ठरतंय. एकदा ती गेली की हे घर एकदम साफ.”

“आणि ज्या घरी जाईल ते?”

“ते लोक बघून घेतील. आपल्याला काय?”

सरोजिनीबाई धुण्याच्या दगडावर मटकन बसल्या.

तेवढ्यात मागच्या दारात साडी सावरत उर्वी उभी राहिली. “काकू? काका? तुम्ही इथे, कचऱ्यापाशी?” मग तिने वडिलांकडे पाहिलं. शेवटची चार वाक्यं तिने ऐकली होती, हे सांगायला तिला बोलावं लागलं नाही.

पुन्हा बेल वाजली. नीरज उघड्या दारातून थेट मागे आला, आणि त्याच्यामागून गळ्यात ओळखपत्रं लटकवलेल्या दोन मुली. साधे कपडे कसले, चांगल्या गणवेशात होत्या.

“अंकल, चेकिंग है,” एक म्हणाली. शामरावांच्या हातातली थैली बघून तिने पेन काढलं. “ये गीले में थी क्या? किसने डाली?”

विजयरावांनी सगळ्यांकडे पाहिलं. आणखी एकदा ‘मुलीने’ म्हटलं असतं तर तपासणीच्या मुली नुसती समज देऊन पुढे गेल्या असत्या. पाटी अजून वाचत होती.  उर्वी त्यांच्याकडे बघत होती.

“मी,” विजयराव म्हणाले. “मैंने डाली. सकाळी दूध मीच तापवलं. बॅटरीबिटरी सगळं खोटं. मॅडम, आप फेल कर दो और जाओ. मला इथे फार मोठं काम आहे.” मग ते सरोजिनीबाईंकडे वळले. “ताई, मी तुम्हाला तपासणीवाले समजलो. माझ्या पोरीत काही खोट नाही. खोट आहे ती माझ्या डोक्यात.”

“ती दिसलीच,” सरोजिनीबाई म्हणाल्या. त्या उठल्या आणि उर्वीपाशी गेल्या. “आमच्याकडे एकच डबा आहे. त्यात सगळं जातं. चालेल तुला?”

“चालेल. फक्त बाबांना तो दाखवायचा नाही.”

सगळ्यांत आधी शामराव हसले. हातातली थैली कुठे टाकावी हे त्यांना अजून कळलं नव्हतं.

सोयरीक जमली. पाटी संजीव भियाला मिळाली. त्याने घरातला सगळा कचरा शनिवारीच स्कूटरवरून शहरातल्या परदेशीपुरा भागात सासरी पोचवला होता.

तर साहेब, मुद्द्याचं बोला. वीतभर पत्र्यासाठी बाप पोटच्या पोरीला कचऱ्यात टाकायला निघतो, हे पाटी सुरू करताना तुम्हाला सुचलं नव्हतं का? सरळ उत्तर द्या. आणि विजयराव शेजारी बसून म्हणताहेत की फेरतपासणी असते का, तेही त्याच उत्तरात कळवा.