भिंगारदिवे मिस्त्रींच्या चांदण्या

भिंगारदिवे मिस्त्री काडी चांदणीत बसवताना डोळे मिटून घ्यायचे. बसवायचे, आवाज ऐकायचे, आणि डोळे न उघडताच ती ओढून बाहेर काढायचे. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. एकदा खुद्द मालक समोर उभे राहून काहीतरी विचारत होते. मिस्त्रींनी डोळे मिटलेलेच ठेवून नुसता पंजा वर केला. मालक थांबले. मी त्या मालकांसमोर खुर्चीतून अर्धा उठून बोलतो, म्हणून हे विशेष लक्षात राहिलं.

काडी आणि चांदणी ही आमच्या कारखान्यातली नावं. नागापूरच्या एमआयडीसीत आम्ही मुलांचं एक खेळणं बनवतो. रंगीत प्लॅस्टिकच्या लहानमोठ्या काड्या, आणि त्या जोडायला आठ खाचांची गोल चकती. ती चकती म्हणजे चांदणी. काड्या अडकवत गेलं की पूल होतो, क्रेन होते, जत्रेतला आकाशपाळणा होतो. मिस्त्री चांदणीच्या साच्याचे कारागीर, आणि मी तयार माल तपासून सही करणारा. माझ्याकडे मापाची यंत्रं होती, त्यांच्याकडे एक कान आणि दोन बोटं. वाद झाला की बहुतेक वेळा यंत्रच चुकलेलं निघायचं.

"बसवायला काय, कोनीबी बसवील, सायेब," ते म्हणायचे. "निघतंय का, ते बघा."

हे 'निघतंय का' त्यांनी सगळ्या जगाला लावलं होतं. नवी बाटली दिसली की झाकण निघतंय का. कारखान्याला नवं गेट बसलं तेव्हा सगळे रंगाचं कौतुक करत होते, आणि मिस्त्री बिजागरीची खीळ उपसून पाहत होते. माझ्या भाचीच्या लग्नात अक्षता पडल्यावर जो तो जोडा शोभतो म्हणत होता. मिस्त्री माझ्या बहिणीला म्हणाले, "बसलंय ब्येस. पन पोरीला रुसून म्हायेरी येता येतंय का, ते बघून ठिवा." बहीण त्यांच्याशी वर्षभर बोलली नाही. भाची मात्र अजून त्यांची आठवण काढते.

रविवारी चर्चमध्येसुद्धा त्यांच्या कोटाच्या खिशात चांदणी असायची. सगळे डोळे मिटून प्रार्थना करताहेत आणि मागच्या बाकावरून टक्, टक्. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "मिस्त्री, आमेन होईपर्यंत तरी जुळवू नका." मिस्त्रींनी मान डोलावली आणि पुढच्या रविवारपासून खिशात हातरुमाल कोंबून त्याच्या आत जुळवू लागले.

एवढं का, असं मी एकदा विचारलं. ते गंभीर झाले. "सायेब, खेळ मोडता आला पायजे. पोराचा पूल मोडलाच न्हाई तर ते दुसरं काय करनार? एकच पूल बांधून बसंल जलमभर." घट्ट चांदणी ही त्यांच्या लेखी चूक नव्हती, पाप होतं.

त्यांच्या निवृत्तीच्या दोनेक वर्षं आधी मार्थाकाकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, झटका आला. उजवा हात गेला, बोलणंही जड झालं. मिस्त्री आठ दिवस रजेवर राहिले, परत आले आणि पुन्हा डोळे मिटून टक् ऐकू लागले. काकूंचं विचारलं की "हाय, चाललंय" एवढंच. एक सवय तेवढी नवी लागली. संध्याकाळी जाताना ताज्या चार-पाच चांदण्या खिशात टाकून न्यायच्या, आणि सकाळी आल्या आल्या साचा उघडून त्यातली खाच पाडणारी पिन किंचित बदलायची. असं महिनाभर चाललं. आम्ही हसायचो. "मिस्त्री, घरी पाळणा उभारताय काय?" ते म्हणायचे, "व्हय, तुमी बसायला या." मग एक दिवस त्यांनी साचा बंद केला आणि सांगितलं, "आता ह्याला कोनी हात लावायचा न्हाई."

मी लावला.

व्यापाऱ्यांच्या तक्रारी येत होत्या की दुकानात मांडलेला पाळणा लवकर सुटतो. मालक मला म्हणाले, "बघा काही करता येतं का." मिस्त्रींशी बोलायला हवं होतं. मी नाताळची वाट पाहिली. ते सोनईला भावाकडे गेले असताना बाहेरच्या माणसाकडून बारीक पिना करून घेतल्या. फरक कागदाच्या जाडीइतका. खाच तेवढी आवळली. बदलाच्या नोंदीच्या कागदावर मी सही केली.

ते परत आले, एक चांदणी उचलली, डोळे मिटले. टक्. मग ओढली. पुन्हा ओढली. डोळे उघडून विचारलं, "कोनी केलं?"

"मालकांनी सांगितलं," मी म्हणालो.

ते चांदणी ठेवून कामाला लागले. दोन महिन्यांनी निवृत्त झाले. समारंभात शाल-श्रीफळ बाजूला ठेवून त्यांनी एकच मागणं केलं, गोदामात पडलेल्या जुन्या चांदण्यांचं पोतं. सगळे हसले. मीही हसलो.

त्यानंतर दहा महिने मी त्यांच्याकडे गेलो नाही. घर कारखान्यापासून दहा मिनिटांवर. रोज दुसऱ्या रस्त्याने जायचो. गेल्या नाताळात मात्र राहवेना. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून नव्या मालाचं एक मोठं खोकं घेतलं. मिस्त्रींना याहून काय आवडणार, असं खरोखरच वाटलं मला. माझी अक्कल एवढीच.

बाहेरच्या खोलीत खाटेवर मार्थाकाकू बसल्या होत्या. त्यांच्या पुढ्यात लाल-पिवळ्या काड्यांचा कमरेएवढा पाळणा उभा होता. काकू उजव्या हाताने त्याची एक काडी ओढत होत्या. बोटं थरथरत होती. काडी सुटली, ती त्यांनी परडीत टाकली आणि दुसरी धरली.

"सकाळी मी बांधतो, दिवसभर ती मोडती," मिस्त्री म्हणाले. "आधी बोट जेमतेम हालायचं. आता गोळ्यांची डबी उघडती. लई वस्ताद हाय. मला बांधायला दोन तास लागत्यात, ही बाई काय ठिवीत न्हाई."

"बांधतोच... वाकडं," काकू जड जिभेनं म्हणाल्या.

महिनाभर साचा का बदलत होते, ते मला तिथे कळलं. चांदणीची पकड त्यांनी या बोटांच्या मापानं लावली होती.

मिस्त्रींनी माझं खोकं उघडलं, एक नवी चांदणी घेतली, डोळे मिटले. टक्. ओढून पाहिली. मग ती अलगद, काकूंच्या हाताला लागणार नाही अशी, खिडकीत ठेवली. तिथे अशा दहा-बारा आधीच होत्या.

"जुन्या आता झिजाय लागल्यात," ते म्हणाले. "पोत्यातल्या निम्म्या ढिल्या झाल्या. म्हनून बाजारातनं ह्या आनून बघितल्या. हिला निघंनात. रडली त्या दिवशी."

"मिस्त्री," मी म्हणालो, "मालकांनी पिना बदला असं सांगितलं नव्हतं. ते मी केलं. तुम्ही नसताना."

"म्हाईत हाय. कागदावर तुमचीच सही हुती की."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचं त्वांड बघितलं. म्हनलं, ह्यांचं निघायला येळ लागंल."

ते आत गेले आणि एक बारीक कानस घेऊन आले. माझ्या हातात दिली. "बसा. आठ खाचा. माझी नजर गेलीय आता, खाच दिसत न्हाई. हळू घासा. तीनदा, जास्त न्हाई."

मी खाली बसून घासली. माप घ्यायला यंत्र नव्हतं. पहिली चांदणी जास्त घासून वाया घालवली. दुसरी काकूंच्या हातात दिली. त्यांनी डाव्या हाताने काडी बसवली आणि उजव्या हाताने ओढली. हलेना. मिस्त्रींनी चांदणी परत माझ्याकडे दिली. मी पुन्हा घासली, पुन्हा दिली.

"निघतंय का?" मिस्त्रींनी विचारलं. या वेळी त्यांचे डोळे उघडे होते, काकूंच्या बोटांवर.

कारखान्यातला साचा अजून माझ्या सहीचाच आहे. पाळणा आता दुकानात सुटत नाही, आणि मालकांशी बोलायचं मी रोज ठरवतो. रविवारी मिस्त्री चर्चमधून परतले की मी त्यांच्याकडे जाऊन वीस चांदण्या घासतो. काकू एकेक तपासतात. न निघालेली माझ्या अंगावर फेकतात. हल्ली नेम बरा लागतो त्यांचा.