मास्तरांची पहिली आवृत्ती

एकोणिसाव्या शतकातली कुठलीही कादंबरी हातात द्या. पहिल्या आवृत्तीची आहे की नाही, ते मी चहा निवायच्या आत सांगते! कागद, छपाईचे खिळे, साल, सगळं बाबांनी शिकवलंय. ही शेखी पुढे टिकायची नाही, म्हणून आत्ताच मिरवून घेते.

बाबा मालवणात मराठीचे मास्तर. त्यांचे जिवलग कमरुद्दीनचाचा, बाजारात कापडाचं दुकान. दोघांकडे एकाच जुन्या कादंबरीची एकेक प्रत होती आणि 'पहिली आवृत्ती माझीच' यावरून तीस वर्षं भांडण. प्रत मात्र एकमेकांना काय, मलाही दाखवायची नाही! वर दोन्हींची बांधणी कसालच्या एकाच बाइंडरने, चाचांच्याच दुकानातल्या तपकिरी कापडात केलेली. बाहेरून जुळी भावंडं.

मे महिन्यात बाबा गेले. ग्रंथालयाने ठरवलं की बाबांच्या पुस्तकांचं एक कपाट करायचं, वर त्यांचं नाव, मधोमध ती पहिली आवृत्ती. कोल्हापूरचे एक प्राध्यापक भर सभेत ती तपासून जाहीर करणार होते.

म्हटलं, आपण आधी बघून ठेवू. पुस्तक उघडलं, तर पहिल्या पानावर आकडा १८१२!

१८१२ साली लेखकाच्या वडिलांची मुंजसुद्धा झाली नसेल. तो इसवी सन नव्हता, शालिवाहन शक होता. 'शके' हा शब्द बाइंडरच्या शिवणीत गडप झाला होता. अठ्ठ्याहत्तर मिळवले की होतात १८९०. कादंबरी पहिल्यांदा छापली १८८३ साली. म्हणजे ही दुसरी आवृत्ती.

मी पुस्तक घेऊन बराच वेळ जमिनीवर बसून राहिले. शाळेचा खडूचा तुकडा चुकून खिशात आला, तर परत नेऊन ठेवणारा माणूस तीस वर्षं खोटं बोलला? आणि ते आता अख्ख्या मालवणासमोर उघडं पडणार?

नाही पडणार! बाबांची दुसरी, तर चाचांची पहिली असणार. पिशवीत पुस्तक टाकलं आणि चाचांचं घर गाठलं. चाचा दुकानात होते. फातिमाचाची शेवया आणायला आत गेल्या, तेवढ्यात फळीवरची प्रत पिशवीत आणि पिशवीतली फळीवर. चोरीचा माल मांडीवर घेऊन शेवया खाणं जड जातं. तरी मी दोनदा घेतल्या, उगाच संशय नको.

घरी येऊन उघडलं. सन १८८३! बाबांची अब्रू वाचली.

सभेच्या दिवशी सकाळीच चाचा हजर. बाबांच्या खुर्चीकडे बघत बसले आणि म्हणाले, मास्तरांचं पुस्तक एकदा हातात घेऊ दे. पुस्तक नव्हे, जिवंत खेकडा असल्यासारखं मी ते दोन बोटांत धरून पुढे केलं. चहाचं निमित्त करून मी स्वयंपाकघरात पळाले. परत आले तर पुस्तक टेबलावर जिथल्या तिथे. चाचांनी चहा बशीत ओतून दोन घोटांत संपवला आणि निघाले. सुटले, म्हटलं.

सभेत प्राध्यापकांनी चष्मा चढवला, पान उघडलं, शिवण जरा फाकवली.

"माफ करा, ही दुसरी आवृत्ती आहे."

मी खुर्चीतच गार! तोवर चाचा उठून उभे. "काय सांगतास? अठराशे बाराची आसा ती!"

प्राध्यापकांनी त्यांना शिवणीतला 'शके' दाखवला. चाचांनी पान डोळ्यांजवळ नेऊन तो शब्द वाचला. मग माझ्याकडे वळले.

"गो सरला, ही माजी प्रत. मास्तर गेलो तेव्हा मीच त्येच्या कपाटात ठेवलंय आणि त्येची घराक नेलंय. त्येची त्र्याऐंशीची. म्हटला, मास्तर हरलो खरो, पण लोकांत हरूक नको. काल बघतंय तर माजी प्रत परत माज्याच फळयेर! म्हणान आज सकाळी पुन्ना बदललंय."

"फळीवर मी ठेवली, चाचा."

"तू? कित्याक?"

"बाबांचं नाव जाऊ नये म्हणून."

सभागृहात कुणीतरी फिस्स करून हसलं. प्राध्यापकांनी विचारलं, मग ती त्र्याऐंशीची आता कुठे आहे? चाचांनी आपल्या पिशवीतून तपकिरी पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. हीच पहिली, प्राध्यापक म्हणाले.

चाचांनी पुस्तकावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "तीस वर्सा मास्तर खरा सांगत होतो. आणि आता माका हरल्याचा सांगूक तो खंय आसा?"

बाबा गेल्यापासून मी कुणासमोर रडले नव्हते. त्या दिवशी मात्र रडले, तेही हसता हसता.

कपाट झालं. चाचांनी आपलीही प्रत दिली. दोन्ही शेजारी शेजारी उभ्या आहेत. ग्रंथपाल सुशीलाबाई किल्ली कुणालाही देतात. फक्त चाचा किंवा मी गेलो, की त्या स्वतः समोर खुर्ची टाकून बसतात आणि आमची पिशवी दाराबाहेर ठेवायला लावतात.